अमेरिकन ऑनलाइन मास्टर्समध्ये जुन्या शिकण्याचं क्रेडिट कसं लावून घ्यायचं: आधी काय, नंतर काय

अमेरिकन डिग्रीसाठी ठरावीक क्रेडिट, म्हणजे अभ्यासाची एककं, जमवावी लागतात. आधी शिकलेलं त्यात धरून घेता येतं का हे विचारणारे बहुतेक जण उलट्या क्रमाने सुरुवात करतात. आधी चार-पाच सर्टिफिकेटं गोळा करतात, कुणीतरी सांगितलं म्हणून क्लेपच्या (कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणाऱ्या) परीक्षा देतात, कोर्सेरा या ऑनलाइन साइटवरचे कोर्स संपवतात, आणि मग युनिव्हर्सिटी शोधायला बसतात की आता हे सगळं कोण घेईल. यातलं बरंचसं मास्टर्सच्या लेव्हलला कोणीच घेत नाही, पैसे आणि वीकेंड दोन्ही जातात. म्हणून इथे क्रम नीट लावून देतोय. ज्यांच्यासाठी लिहितोय ते दोन प्रकारचे लोक, एक म्हणजे अमेरिकेत राहणारे आपले लोक (एच-४ वर, म्हणजे एच-१बी या वर्क व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्या बऱ्याच जणी यात येतात) आणि दुसरे महाराष्ट्रात बसून अमेरिकन डिग्री करू बघणारे. दोघांचे रस्ते मधेच वेगळे होतात, तिथे तसं सांगितलंय.

१. आधी हे डोक्यात पक्कं करा: काय होतं आणि काय होत नाही

निव्वळ परीक्षा देऊन अख्खं मास्टर्स देणारी मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटी शोधत बसू नका. बॅचलर्सला ते बऱ्यापैकी जमतं, कारण क्लेप आणि डीएसएसटी या परीक्षा बॅचलर्सच्या क्रेडिटसाठीच आहेत. क्लेपमध्ये कितीही मार्क पडले तरी मास्टर्सच्या ३० किंवा ३६ क्रेडिटमधलं एकही कमी होत नाही. शिवाय मान्यता देणाऱ्या संस्थांचेही नियम आहेत, उदाहरणार्थ अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कॉलेजांची जी सॅक्सकॉक नावाची संस्था आहे तिचा नियम असा की मास्टर्सची किमान एक तृतीयांश क्रेडिट त्याच युनिव्हर्सिटीच्या शिकवण्यातून आलेली हवीत.

मग खरे रस्ते उरतात तीन. पहिला, आधी कुठे केलेले ग्रॅज्युएट लेव्हलचे कोर्स, काही इंडस्ट्री सर्टिफिकेशन किंवा अनुभवाचा पोर्टफोलिओ (कामातून काय शिकलात ते पुराव्यासह मांडलेली फाइल) लावून थोडी क्रेडिट कमी करून घेणं. दुसरा, कॉम्पिटन्सी बेस्ड प्रोग्राम, जिथे तुम्हाला येतं हे तुम्ही टेस्ट किंवा असाइनमेंट देऊन दाखवता आणि लगेच पुढच्या कोर्सला जाता, वर्गात किती आठवडे बसलात याला महत्त्व नसतं. तिसरा, आधी कोर्स करून दाखवा आणि त्याच मार्कांवर ॲडमिशन घ्या असा. माझं स्पष्ट मत आहे की नोकरीचा चांगला अनुभव असलेल्या माणसाला दुसरा रस्ता सगळ्यात जास्त वेळ वाचवून देतो, पहिल्यावर लोक गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवतात.

२. ही डिग्री शेवटी कुठे दाखवायची आहे ते ठरवा

ही पायरी सगळे सोडून देतात आणि नुकसान इथेच होतं.

भारतात सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएचडीसाठी दाखवायची असेल तर इथेच थांबा. परदेशी डिग्रीला समकक्षता देण्याचे यूजीसीचे २०२५ चे नियम प्रत्यक्ष हजर राहून केलेल्या शिक्षणासाठी आहेत, ऑनलाइन किंवा डिस्टन्सने केलेल्यासाठी नाहीत. अशा वेळी यूजीसीने परवानगी दिलेला भारतीय ऑनलाइन प्रोग्राम घ्या, तिथे स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरच्या कोर्सेसची क्रेडिट ४० टक्क्यांपर्यंत लावायची सोय आहे आणि ती ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. खाजगी कंपनीत प्रमोशनसाठी हवी असेल तर मात्र एचआरला मेल करून विचारा की अमेरिकन ऑनलाइन मास्टर्स धरता का, फी परत देता का, आणि देत असाल तर ग्रेड लागते का नुसतं पास चालतं. हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कॉम्पिटन्सी बेस्ड ठिकाणी बऱ्याचदा ए-बी-सी नसतं, नुसतं पास असतं, आणि काही कंपन्यांच्या पॉलिसीत बी ग्रेड पाहिजे असं लिहिलेलं असतं.

अमेरिकेत एच-१बी च्या मास्टर्स कोट्यासाठी (ज्या २०,००० वेगळ्या जागा असतात त्या) डिग्री हवी असेल तर युनिव्हर्सिटी मान्यताप्राप्त तर हवीच, पण सरकारी किंवा ना-नफा तत्त्वावर चालणारी पण हवी. कॅपेलासारखी नफ्यासाठी चालणारी युनिव्हर्सिटी मान्यताप्राप्त असली तरी या कोट्यात बसत नाही. लोक फी भरून मोकळे होतात आणि दोन वर्षांनी वकिलाकडून हे कळतं. वकिलाला आधी विचारा.

सावध: पूर्ण ऑनलाइन प्रोग्रामवर आय-२० (स्टुडंट व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) मिळत नाही, म्हणजे एफ-१ हा स्टुडंट व्हिसा नाही आणि ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर नोकरीची तात्पुरती परवानगी, पण नाही. एच-४ वर शिकायला हरकत नाही, पण शिकल्यामुळे नोकरीची परवानगी आपोआप मिळत नाही, ती वेगळी गोष्ट आहे.

३. मान्यता तपासा, आणि ती युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर नाही

अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा डॅपिप (DAPIP) नावाचा मान्यताप्राप्त संस्थांचा डेटाबेस आहे, आणि चिया (CHEA) नावाच्या मान्यतेचंच काम बघणाऱ्या संस्थेची पण यादी आहे. या दोन्हीत युनिव्हर्सिटीचं नाव स्वतः शोधा. फक्त नाव दिसलं म्हणून पुढे जाऊ नका, शहर आणि वेबसाइटचा पत्ता जुळतोय का बघा, कारण नामवंत युनिव्हर्सिटीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव ठेवून बनावट डिग्री विकणारे भरपूर आहेत.

नर्सिंग, शिक्षक किंवा काउन्सेलिंग असेल तर युनिव्हर्सिटीची मान्यता पुरत नाही, त्या कोर्सची वेगळी मान्यता आणि तुमच्या राज्याच्या लायसन्स बोर्डाचं म्हणणं दोन्ही लागतं. आयटी आणि मॅनेजमेंटला एवढी कटकट नाही.

सावध: "तुमच्या अनुभवाच्या जोरावर १५ दिवसात डिग्री" असं कुणी म्हणालं, बायोडाटा मागितला आणि लगेच किती क्रेडिट ते सांगितलं, तर तो व्यवहार तिथेच सोडा. खऱ्या ठिकाणी अनुभवाला क्रेडिट मिळत नाही, अनुभवातून शिकलेलं सिद्ध केलं तर मिळतं, आणि त्याला मेहनत लागते.

४. आपली बॅचलर्स डिग्री तिकडे किती वर्षांची धरतात ते कळून घ्या

बी.ई., बी.टेक. वाल्यांना इथे फार अडचण नसते, चार वर्षं आहेत. अडकतात ते बी.कॉम., बी.एससी., बी.ए. आणि बीसीए वाले, कारण तीन वर्षं. सगळीकडे नाही म्हणतात असं मात्र नाही. परदेशी डिग्री अमेरिकेत कशाच्या बरोबरीची ते तपासून रिपोर्ट देणाऱ्या वेससारख्या (WES) संस्था, विद्यापीठाला नॅकची ए किंवा त्यावरची ग्रेड असेल आणि तुमचा क्लास फर्स्ट किंवा सेकंड असेल, तर तीन वर्षांची डिग्री पण अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरतात. दुसरी एखादी संस्था त्याच डिग्रीला तीन वर्षांचं शिक्षण असंही म्हणू शकते. म्हणून युनिव्हर्सिटीला आधी विचारा की कुठल्या संस्थेचा रिपोर्ट चालतो (बहुतेक ठिकाणी नॅसेस, म्हणजे अशा संस्थांची संघटना, तिच्या सभासद संस्थांपैकी कुठलाही चालतो), आणि जो तुमच्या डिग्रीला योग्य न्याय देतो तो निवडा. रिपोर्ट कोर्स-बाय-कोर्स घ्या, नुसता डॉक्युमेंट वाला स्वस्त पडतो पण क्रेडिट लावायच्या वेळी तो उपयोगाचा नसतो आणि परत पैसे भरावे लागतात.

आता नावाचं बघा, कारण आपल्याकडच्या लोकांची फाइल सगळ्यात जास्त इथे रखडते. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी आईचं नाव असतं. लग्न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव, आणि सरनेम सासरचं. रिपोर्ट बनवणाऱ्या माणसाला ही दोन वेगळी माणसं वाटतात, त्यात एका सेमिस्टरच्या मार्कशीटवर स्पेलिंग वेगळं असलं की संपलंच. ॲप्लिकेशन करतानाच "पूर्वीचं नाव" या रकान्यात मार्कशीटवर जसं आहे तसं, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने नाव टाका, मॅरेज सर्टिफिकेट सोबत लावा, नाव गॅझेटमध्ये बदललं असेल तर ती प्रत पण लावा. अर्ज रखडल्यावर कागद पाठवायला गेलात तर फाइल परत रांगेत शेवटी जाते.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या मार्कांचा अधिकृत उतारा, विद्यापीठाकडूनच थेट जायला लागतं, तुम्ही स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही. परदेशातून हे करत असाल तर घरच्या कुणाला तरी ऑथॉरिटी लेटर देऊन ठेवा, कारण एखादं जुनं मार्कशीट सिस्टीममध्ये नसलं की शेवटी माणूसच परीक्षा विभागात जाऊन उभा राहावा लागतो. या सगळ्याला महिने लागू शकतात, म्हणून ही पायरी सुरू करून ठेवा आणि तोवर पुढच्या दोन करा.

तपासा: सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, पासिंग सर्टिफिकेट आणि पदवीप्रदान समारंभाचं डिग्री सर्टिफिकेट, तिन्ही हातात आहेत ना? पासिंग सर्टिफिकेट म्हणजेच डिग्री असं समजून पदवी सर्टिफिकेट कधी काढलंच नाही असे खूप जण आहेत.

५. तुमच्याकडे काय काय आहे त्याची यादी

एक एक्सेल शीट उघडा. प्रत्येक ओळीत कोर्सचं नाव, कुठे केला, कधी संपला, किती क्रेडिट किंवा तास, ग्रेड, आणि सिलॅबस आहे की नाही. यात अर्धवट सोडलेलं एम.कॉम. किंवा एमबीए पण टाका, ते लोक विसरतात आणि तेच सगळ्यात कामाचं असतं, कारण ते ग्रॅज्युएट लेव्हलचं आहे. साधारणपणे बी किंवा त्याहून चांगली ग्रेड आणि फार जुनं नसलेलं असेल तरच धरतात.

सर्टिफिकेशन तेव्हाच कामाचं जेव्हा त्या युनिव्हर्सिटीच्या त्या प्रोग्रामच्या ट्रान्सफर गाइडमध्ये (बाहेरचं काय काय क्रेडिटला धरतात ती यादी) त्याचं नाव असतं. कुणाचं तरी सायबर सिक्युरिटीत चाललं म्हणून तुमचं डेटा ॲनालिटिक्समध्ये चालेल असं नाही. मुदत संपलेलं सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी चालत नाही, रिन्यू करून मगच पाठवा. एडएक्स या ऑनलाइन साइटवरची मायक्रोमास्टर्स, म्हणजे ग्रॅज्युएट लेव्हलच्या काही कोर्सेसचे संच, मात्र मुद्दाम या कामासाठीच बनवलेली आहेत, एमआयटीच्या सप्लाय चेनच्या मायक्रोमास्टर्समध्ये पाच कोर्स आणि शेवटी एक मोठी परीक्षा असते, आणि ते केलेलं काही युनिव्हर्सिटी मास्टर्समध्ये क्रेडिट म्हणून धरतात. कुठली युनिव्हर्सिटी किती धरते ते वेगवेगळं आहे, म्हणून आधी युनिव्हर्सिटी आणि मग मायक्रोमास्टर्स.

पोर्टफोलिओची सोय असेल तर त्यात लिहायचं कसं हे समजून घ्या. "मी दहा वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर होतो, १२ जणांची टीम सांभाळली" याला शून्य क्रेडिट. कोर्सच्या सिलॅबसमध्ये लिहिलंय की विद्यार्थ्याला रिस्कचं मोजमाप करता आलं पाहिजे, तर तुम्ही लिहा की अमुक प्रोजेक्टमध्ये व्हेंडर उशीर करणार हे कशावरून ओळखलं, त्याची शक्यता आणि नुकसान कसं मांडलं, काय निर्णय घेतला, पुस्तकातल्या पद्धतीपेक्षा वेगळं काय केलं आणि का, आणि पुरावा म्हणून तो रिस्क रजिस्टर (कंपनीची गुप्त माहिती झाकून) आणि मॅनेजरचं पत्र. सिलॅबसमधला एकेक मुद्दा घेऊन असंच जायचं. जो मुद्दा येत नाही तिथे आधी वाचा, मग लिहा.

६. लेखी उत्तर घ्या, फोनवर काही ठरवू नका

ॲडमिशन काउन्सेलर फोनवर गोड बोलतो, "हो हो, बरंच काही धरलं जाईल" म्हणतो. त्याचा निर्णय नसतोच, क्रेडिट ठरवणारा विभाग वेगळा असतो. मेल करा आणि त्यात एवढं विचारा: माझ्या यादीतलं नेमकं काय धरणार, ते कुठल्या कोर्सच्या जागी बसणार, जास्तीत जास्त किती क्रेडिट बाहेरून चालतात, आणि हे ॲडमिशननंतर ठरणार का आधी.

क्रेडिट आणि वेव्हर यातला फरक पण विचारूनच घ्या. क्रेडिट मिळालं तर कोर्स आणि त्याची फी दोन्ही कमी. वेव्हर म्हणजे तो कोर्स नका करू, पण त्याच्या बदल्यात दुसरा करा, एकूण तेवढेच पैसे. दोन्हीला "एक्झेम्प्शन" म्हणून मोकळे होतात आणि आपला समज होतो की तीन कोर्स वाचले.

सावध: कॉम्पिटन्सी बेस्ड ठिकाणी कोर्स सुरू झाल्यावर क्रेडिटचा अर्ज घेत नाहीत असं बऱ्याचदा असतं. सगळं पहिल्या दिवसाच्या आत.

७-अ. अमेरिकेत राहत असाल तर: कॉम्पिटन्सी बेस्ड टर्म

सगळ्यात जास्त विचारणा वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीबद्दल होते, म्हणून तीच धरून सांगतो. यूटामधली ना-नफा युनिव्हर्सिटी आहे, १९९७ पासूनची. फी कोर्सवर नाही, सहा महिन्यांच्या टर्मवर आहे, त्या सहा महिन्यांत चार कोर्स करा नाहीतर दहा, पैसे तेवढेच. टर्म कुठल्याही महिन्याच्या एक तारखेला सुरू करता येते, आणि मास्टर्सला एका टर्ममध्ये किमान ८ क्रेडिट घ्यावी लागतात.

म्हणजे वेळ हाच पैसा, आणि म्हणून सुरुवात कधी करायची हा खरा निर्णय. ॲडमिशन मिळाली म्हणून पुढच्याच एक तारखेला सुरू करू नका. प्रोग्राममधले कोर्स काय आहेत ते वेबसाइटवर उघड असतं, त्यातले जड दोन-तीन (एमबीएला फायनान्स-अकाउंटिंग, डेटावाल्यांना स्टॅटिस्टिक्स) आधी घरी फुकटात तयार करा, भारताची ट्रिप किंवा घरातलं लग्न-मुंज आटोपू द्या, ऑफिसचा जड सीझन जाऊ द्या, मग तारीख घ्या.

टर्म सुरू झाल्यावर प्रत्येक कोर्सला दोनपैकी एक किंवा दोन्ही असतं, कॅमेऱ्यासमोर द्यायची परीक्षा म्हणजे ऑब्जेक्टिव्ह असेसमेंट, आणि लिहून द्यायचं काम म्हणजे परफॉर्मन्स असेसमेंट. परीक्षेवाल्या कोर्सला पहिल्याच दिवशी प्री-असेसमेंट, म्हणजे सराव परीक्षा, द्या, न वाचता. त्यातून कळतं की कुठला भाग येतो आणि कुठला नाही, फक्त न येणारा वाचा, परत द्या, व्यवस्थित वर गेलात की खरी परीक्षा बुक करा. पहिल्या पानापासून सगळं वाचत बसणारे इथे मागे पडतात, आपल्याला तशीच सवय असते.

लिहायच्या कामाला रुब्रिक नावाचा तक्ता असतो, त्याची प्रत्येक ओळ वेगळी तपासतात. समजा ओळ म्हणते "दोन धोके सांगा आणि प्रत्येकावरचा उपाय का निवडला ते पटवून द्या". लोक पाच धोके लिहितात, सुंदर लिहितात, आणि "का निवडला" कुठेच नाही. पेपर परत. रुब्रिकची प्रत्येक ओळ तुमच्या पेपरमध्ये हेडिंग म्हणून टाका आणि त्याखाली जेवढं मागितलंय तेवढंच लिहा. संदर्भ एपीए या ठरलेल्या पद्धतीने लिहा. परत आलं तर घाबरू नका, नेमक्या कुठल्या ओळीत कमी आहे ते लिहिलेलं असतं, तेवढंच दुरुस्त करून पाठवा. पण कॉपी सापडली तर ते प्रकरण वेगळ्या मार्गाने जातं, इंटरनेटवरचे तयार पेपर बघायला पण जाऊ नका.

तपासा, परीक्षेच्या आदल्या दिवशी: लॅपटॉपच्या आतल्या कॅमेऱ्यावर चालतं का बाहेरचा वेबकॅम लागतो, टेबल रिकामं आहे का, खोलीत कोणी येणार नाही ना, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्यात सॉफ्टवेअर टाकायची परवानगी आहे का. ऑफिसच्या लॅपटॉपवर ऐन वेळी ते ब्लॉक झालं म्हणून परीक्षा हुकते, हे फार कॉमन आहे.

७-ब. महाराष्ट्रात असाल तर: आधी कोर्स, मग ॲडमिशन

वरची युनिव्हर्सिटी अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, भारतातून तिथे अर्ज करत बसू नका. भारतातून चालणारा चांगला पर्याय म्हणजे कोलोरॅडो बोल्डर युनिव्हर्सिटीची कोर्सेरावरची डेटा सायन्स आणि कॉम्प्युटर सायन्सची मास्टर्स. ३० क्रेडिट. यात ट्रान्सक्रिप्ट लागत नाही, जीआरई ही प्रवेश परीक्षा नाही, पायरी ४ मधलं काहीच लागत नाही. एक ठरलेला पाथवे असतो, त्यातले कोर्स क्रेडिटसाठी करायचे आणि जीपीए (ग्रेडची सरासरी) ३.० किंवा वर ठेवायचा, की ॲडमिशन, आणि ते कोर्स डिग्रीत धरले जातात.

क्रम असा ठेवा. आधी त्या पाथवेचे कोर्स नॉन-क्रेडिट म्हणून कोर्सेराच्या नेहमीच्या सबस्क्रिप्शनवर करा, असाइनमेंट सगळ्या सोडवा. झेपतंय अशी खात्री झाली की क्रेडिट व्हर्जनला अपग्रेड करा, केलेलं काम बरंचसं पुढे येतं आणि मुख्यतः फायनल परीक्षा किंवा प्रोजेक्ट उरतो. फी प्रत्येक क्रेडिटला वेगळी भरायची असते, त्यामुळे एकदम लाखो रुपये अडकत नाहीत. लोकांची चूक अशी होते की डिग्रीच्या उत्साहात पहिल्याच सेशनला तीन-चार क्रेडिट विकत घेतात, ऑफिसात रिलीज येतो, आणि सी ग्रेड पडते. ती ग्रेड रेकॉर्डवर राहते. पहिल्या सेशनला एकच घ्या.

डिस्काउंट किंवा फुकट कोर्सेरा मिळतं म्हणून नॉन-क्रेडिट सर्टिफिकेट मिळवलं, तर ते स्वतः क्रेडिट नाही हे लक्षात ठेवा. नावात युनिव्हर्सिटी आहे म्हणून ते डिग्रीला लागत नाही, अपग्रेड करून फायनल द्यावीच लागते.

८. संपल्यावर लगेच करायचं

डिग्री मिळाल्याची तारीख म्हणजे शेवटची परीक्षा पास झालेली तारीख नाही, युनिव्हर्सिटी ज्या दिवशी डिग्री प्रदान झाली असं नोंदवते ती. एच-१बी च्या मास्टर्स कोट्यात अर्ज करायचा असेल तर अर्जाच्या आधी ही नोंद झालेली हवी, म्हणून ग्रॅज्युएशनचा फॉर्म आधीच भरून ठेवा, तो भरल्याशिवाय काही ठिकाणी डिग्री नोंदवतच नाहीत.

दोन ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट मागवून ठेवा, त्यातलं एक बंदच ठेवा. ट्रान्सक्रिप्टवर नुसतं पास असेल तर पास म्हणजे किमान कुठली ग्रेड हे सांगणारं पान किंवा पत्र रजिस्ट्रारकडून घ्या, वेस्टर्न गव्हर्नर्समध्ये पास म्हणजे बी किंवा वर असं धरतात. फी परत देणाऱ्या कंपनीला आणि पुढे पीएचडीला अर्ज केलात तर तिथेही हेच पत्र लागतं. आणि सर्टिफिकेटवर नाव पासपोर्टप्रमाणे आलंय का ते बघा, चूक असेल तर पहिल्या काही आठवड्यांत दुरुस्ती सोपी असते, नंतर परत तेच मॅरेज सर्टिफिकेट, तेच ॲफिडेव्हिट.